हलका गिअर

पाना अर्धा फेरा फिरला आणि फ्रेम करकरली. मिस्त्री जागच्या जागी थांबला. जुन्या पोलादी सायकलीची चाक धरणारी मागची बेचकी नव्या गिअरच्या चाकाला अरुंद पडते. तिच्यात आट्यांचा लांब बोल्ट अडकवून, दोन्ही बाजूंचे नट थोडेथोडे फिरवत ती रुंद करावी लागते. घाई केली तर एकच बाजू वाकते आणि चाक जन्मभर तिरकं चालतं. त्यानं श्वास सोडला आणि आणखी पाव फेरा दिला.

पाठीमागे गिऱ्हाइकं त्याला सोवळा मिस्त्री म्हणत. जुन्या सायकलीला नवे भाग बसवून द्या म्हणत कोणी आलं, की तो दारातूनच वाटेला लावायचा. "आजीला लिपस्टिक लावायला आणलंत होय?" असं तोंडावर विचारायचा. आणि आज तोच दुकानाचं दार आतून लावून बायकोची सायकल नव्यानं सजवत बसला होता.

याच सायकलीवर ती एके काळी शर्यती मारायची. तिचा गिअरचा खटका जुन्या पद्धतीचा, खालच्या तिरक्या दांडीवर. हँडल सोडून हात खाली न्यायचा आणि बोटांनी खटका ओढायचा. गेल्या थंडीत तिची कुरकुर सुरू झाली, केबल जड झालीय. त्यानं केबल बदलली. तरी जडच. केबलवरची नळी बदलली, तेल घातलं, खटक्याचा स्क्रू इतका सैल केला की गिअर आपोआप घसरायला लागला. तरी तिचं पालुपद तेच. मग हळूहळू रविवारच्या फेरीला ती येईनाशी झाली. एकट्यानं जायचं त्याच्याही जिवावर यायला लागलं.

केबलचंच कशाला. कपांचे कान हल्ली फार लहान करतात, असं ती म्हणाली, तर तो मोठ्या कानाचे कप घेऊन आला. स्वेटरची काजं घट्ट शिवलीत म्हणाली, तर बटणं काढून त्यानं चेन लावून आणली. घराचं कुलूप अडकतं म्हणाली, तर तेलाची कुपी घेऊन दारात बसला. खरं सांगायचं तर वस्तू बिघडली की त्याला बरंच वाटायचं. वस्तू दुरुस्त होते.

मुलीनं एकदा त्याला बाजूला घेतलं. "बाबा, आईला हाताच्या डॉक्टरांना दाखव ना. तिच्या अंगठ्याखाली बघ, कसा खड्डा पडलाय."

"केबल जड आहे तिची," तो म्हणाला.

"बाबा, तिच्या कपाला कुठे केबल असते?"

दुसऱ्याच दिवशी त्यानं सोवळं सोडलं आणि बॅटरीवर चालणारा गिअर मागवला. त्यात ओढायला केबलच नसते. हँडलवरचं बटण दाबलं की मागची बारीक मोटर साखळी हलवते.

बोल्ट काढून त्यानं फ्रेमला पुढून मागे दोरा ताणला. दोन्हीकडचं अंतर सारखं भरलं. नवं चाक अलगद आत बसलं. नव्या गिअरची तार आतून न्यायला फ्रेमला भोक पाडायचा धीर त्याला झाला नाही, म्हणून ती त्यानं नळीवर चिकटवून नेली. काम छान झालं होतं, आणि तरीही त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता. हा गिअर तिला जमला, की ती रविवारी येणार होती. ती आली, की मुलगी उगाच घाबरली होती असं म्हणून हा विषय मिटवता येणार होता.

त्यानं तिला वरच्या घरातून खाली दुकानात बोलावलं.

ती आली, उजवा हात स्वेटरच्या खिशात घालून. स्टँडवर टांगलेली सायकल तिनं दोनदा पाहिली. "तू? तू हे बसवलंस?"

"गुपचूप ठेव. गिऱ्हाइकांना कळलं तर माझी लाज जाईल." तो हसला. "खाली वाकायला नको, ओढायला नको. नुसतं बोट दाबायचं. याहून हलकं काही निघालेलंच नाही."

त्यानं पेडल फिरवायला घेतलं. तिनं खिशातून हात काढला आणि हँडलवर ठेवला. बोट बटणावर टेकलं. चाक फिरत राहिलं. मोटरचा आवाज आला नाही.

"दाब," तो म्हणाला.

"दाबतेय."

"बॅटरी उतरली असेल," असं पुटपुटत त्यानं तिच्या बोटाशेजारी स्वतःचं बोट नेलं. नुसता स्पर्श केल्यासारखं केलं, तर मोटर चिरकली आणि साखळी पुढच्या चक्रीवर गेली. त्यानं पुन्हा दाबलं. पुन्हा गेली. मग तिनं दात आवळले, डाव्या हातानं उजवं मनगट धरलं आणि दाबलं. साखळी होती तिथंच राहिली.

त्यानं फळीवरचा बारीक स्क्रू-ड्रायव्हर उचलला. "बटणाची स्प्रिंग जरा कडक आलीय," तो म्हणाला. "सैल करून देतो. दोन मिनिटांचं काम."

तिनं त्याच्या हातातून स्क्रू-ड्रायव्हर काढून घ्यायला बोटं पुढे केली. तो तिला धरता आला नाही. खाली पडला. तिनं तो उचललाही नाही.

"राहू दे," ती म्हणाली. "नाचता येईना, तर अंगण वाकडं म्हणायची तेवढी सोय होती मला. तेही तू आज सरळ करून टाकलंस."