जाग

व्याख्यान रंगात आलं होतं. पहिल्या रांगेत मृण्मयी जांभई दाबत मांडीवरच्या तान्ह्या लेकीला थोपटत होती.

“झोपेतही मेंदूचे कान उघडे असतात,” व्यासपीठावरून तिचा निद्रातज्ज्ञ नवरा सांगत होता. “बाळ रडलं की बापालाही जाग येते. मलाही येते. पण मी घोरायचं सोंग घेऊन पडून राहतो! शेवटी पुरेशी झोप हेच खरं औषध.”

सभागृह खळखळून हसलं. मृण्मयीचा हात थांबला. बारशाला तिनंच कौतुकानं सगळ्यांना सांगितलं होतं, “आमचा कुंभकर्ण! उशाशी ढोल वाजवा, ढिम्म हलायचा नाही.”

थोपटणं थांबताच लेकीनं भोकाड पसरलं. माना वळल्या.

“अगं, बघ ना तिला!” तो माइकवरूनच म्हणाला.

मृण्मयीनं डोळे मिटले, मान मागे टाकली आणि ती मोठ्यानं घोरू लागली.