डावीकडचा ब्रेक

सायकलवरची एक शाळकरी पोरगी अचानक आडवी आली आणि बाईंचा उजवा पाय ब्रेकवर गेला. ब्रेक नव्हताच. पायाखाली नुसती रबराची चटई.

गाडी थांबली ती लेकाने त्याच्या बाजूचा ब्रेक दाबला म्हणून. पोरगी जीभ चावून पसार झाली.

"दुखलं ना? तरी म्हणत होतो, मागेच बस." लेकाचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"इथला ब्रेक कुठाय?"

"काढून टाकला."

बाई त्याच्याकडे बघतच राहिल्या. अख्खी हयात या डावीकडच्या सीटवर बसून त्यांनी लोकांना गाडी शिकवली होती. शिकणारा गोंधळला की ब्रेक मारायचा तो बाईंनी, म्हणून या गाडीला दोन्हीकडे ब्रेक. अर्ध्या गावाची लायसन्स त्या एका ब्रेकच्या जिवावर निघाली होती म्हणा ना! खुब्याचा सांधा बदलल्यापासून मात्र लेक त्यांना मागच्या सीटवर आडवं घालून न्यायचा-आणायचा. आज डॉक्टर म्हणाले, "आता काठीसुद्धा नको. गाडी चालवा, शिकवा, खुशाल काय हवं ते करा." तेव्हा कुठे त्या हट्टाने पुढे बसल्या होत्या.

"कधी पुढे बसलीसच तर तुला पाय लांब करायला जागा हवी, म्हणून काढला," लेक म्हणाला. "गॅरेजवाला म्हणतो पुन्हा बसवता येईल. पण आता कशाला, आई? खूप केलंस. आराम कर."

आराम! या शब्दाची बाईंना शिसारी आली होती. लेक वाईट नव्हता हो, तीच तर पंचाईत होती. वाईट असता तर चार शब्द सुनावून मोकळं तरी होता आलं असतं. हा उशी सारखी करणार, पाण्याचा ग्लास हातात आणून देणार, खाट जरा करकरली की "थांब, मी आलो" म्हणत धावत येणार. अशा माणसाशी भांडायचं तरी कसं? बाई आतल्या आत गुदमरत होत्या.

फोन वाजला. लेकाने स्पीकरवर घेतला. बाईंकडे शिकणारी नर्स होती, शिकवणी अर्धवट राहिलेली.

"बाईंची तब्येत कशी आहे? मी कधीपासून येऊ? गाडी पुढे जाते हो माझी, पण मागे घेताच येत नाही. मुलीला शाळेत सोडायला गेले आणि तिथेच अडकून बसले. शेवटी वॉचमनने काढून दिली."

बाईंना खुदकन हसू आलं. त्या तोंड उघडणार, तेवढ्यात लेक म्हणाला, "ताई, त्या आता शिकवत नाहीत. तुम्ही दुसरीकडे बघा." आणि फोन ठेवला.

बाई शेजारीच होत्या. धडधाकट, त्याच्या कोपराला कोपर लावून.

"मी मेले नाही अजून," त्या म्हणाल्या.

"काहीतरीच काय बोलतेस! तू पडलीस ना, तेव्हा मी घरात नव्हतो, आई. मला पुन्हा तसं नकोय."

बाईंना क्षणभर वाटलं, जाऊ दे, बसावं घरी, पोराला तरी झोप लागेल. पण आज गप्प बसलं तर जन्मभर त्या खाटेवरून सुटका नाही, हेही त्यांना कळत होतं.

"पुढून डावीकडे घे. गॅरेजमध्ये जाऊ. ब्रेक आजच बसवायचा."

लेकाने इंडिकेटर दिला. शेवटी शिकवण बाईंचीच. पण वळण आलं आणि गाडी सरळ पुढे गेली.

"घरी जेवायचे थांबलेत सगळे," तो म्हणाला. "उद्या बघू."

हा उद्या कधीच येणार नव्हता.

बाजारपेठेत गर्दी लागली. गाडी मुंगीच्या पावलाने सरकत होती. बाईंनी मान वळवून मागे बघितलं आणि दोघांच्या मधला हँडब्रेक खसकन वर ओढला.

गाडी जागच्या जागी बंद पडली. मागून हॉर्नचा नुसता कल्ला सुरू झाला.

बाईंनी पट्टा सोडला, दार उघडलं, काठी आतच राहू दिली. बॉनेटवर हात टेकत, वळसा घालून त्या लेकाच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या.

"उतर. तिकडे बस."

"अगं आई, मागे बघ तरी! किती गाड्या थांबल्यात!"

"थांबू देत," बाई म्हणाल्या. "मी नाही थांबले इतके दिवस?"