ब्याड

तू नुसतं ऐक. मधी बोलू नको, माझी लिंक तुटत्या.

आपली रक्षिता हाय न्हवं, अकरावीतली, तिला बारावी झाल्यावर नर्सिंगला जायाचंय. तिचे पप्पा म्हणत्यात, लोकांची घाण काढायला शिकवलं व्हय तुला. मग त्यांच्या गल्लीतल्या खैरुन सिस्टरनी तोडगा काढला. दिवाळीच्या सुट्टीत माझ्यासंगं दवाखान्यात ये, डोळ्यांनी बघ, मग ठरव. अट एकच, डॉक्टरांपुढं तोंड उघडायचं न्हाय.

तर वॉर्डात खिडकीजवळ एक म्हातारी. गंगव्वा नाव, कागलच्या पलीकडची, कन्नडशिवाय काय येईना. शुगरनं पाय काळा पडलेला, दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघ्याखालून काढायचा ठरलेला. उशाशी तिचा पोरगा श्रीशैल. सिस्टर रक्षिताला म्हणल्या, "असा पोरगा मिळाय नशीब लागतंय. जेवायलाबी उठत न्हाय."

म्हातारी एकच म्हणालती, "ब्याड, ब्याड." आता गावाकडची माणसं ब्याग म्हणत्यात, ब्यांक म्हणत्यात, सिस्टरना वाटलं बेड म्हणत्या. त्यांनी कॉटच्या पायथ्याचा दांडा फिरवून डोक्याची बाजू वर केली.

"ब्याड."

खाली केली.

"ब्याड."

"आजी, एकदा ठरवा की, वर का खाली," सिस्टर म्हणल्या. "दांडा फिरवून मीच आडवी झाले तर मला कुठला बेड देताय?"

सगळा वॉर्ड हसला. श्रीशैलबी हसला. म्हणला, "घोंगड्यावर झोपायची सवय हो, सिस्टर. बेडचंच घेऊन बसल्या."

रक्षिता हसली न्हाय. तिची आई निपाणीची. आजोळी ताटात जास्तीची भाकरी याय लागली की सगळी पोरं हात आडवा धरून हेच ओरडत्यात. ब्याड. कन्नडमधी म्हंजे नको.

आणि हा बाबा सकाळपास्नं आईसंगं कन्नडच बोलालता. हिनं कानानं ऐकलेलं. मग ह्याला कळंना व्हय?

तिथनं तिचं डोकं फिरलं बघ. सिस्टर म्हातारीला कुठं दुखतंय विचारायला आल्या, ह्यानंच उत्तर दिलं. शेजारच्या पेशंटची सून म्हातारीजवळ वाकली, हा मधी. आयाबाई चादर बदलाय आली तर म्हणला, द्या हिकडं, मी घालतो. रक्षिताच्या मनात आलं, जेवायला उठत न्हाय ते माया म्हणून, का आईजवळ कुणी एकटं जाऊ नये म्हणून? म्हातारीच्या कानात सोन्याच्या बुगड्या हुत्या. हिनं त्यापण बघून घेतल्या. मन काय, कुठंबी जातंय.

दुपारी सिस्टरनी त्याला खाली मेडिकलात पाठवलं. लगेच जाईना, दोनदा सांगाय लागलं. तो जिन्यावर गेला तशी ही कॉटजवळ गेली आणि हळूच म्हणली, "अज्जी, एन ब्याड?" काय नको?

म्हातारीनं तिचा हात असा धरला, बांगडी रुतली. "काल कडीब्याड." पाय तोडू नका. मग भडाभडा सगळं कन्नडमधनं. जगले लई, आता जाऊ दे म्हणली. आमच्यात मेलेल्या माणसाला मांडी घालून, बसवून पुरत्यात. एका पायाची मांडी घालू कशी? देवापुढं बसू कशी?

रक्षिताच्या घरातबी तसंच पुरत्यात.

वळून बघती तर श्रीशैल दारात. हातात औषधांची पिशवी.

"कन्नड येतंय व्हय तुला."

"येतंय की. तुमच्याएवढंच."

तो जवळ आला. वरडला न्हाय, काय न्हाय. आवाज बारीक करून म्हणला, "पाय ठिवला तर विष वर चढतंय, आई जात्या. डॉक्टरांनी सांगितलंय. आणि पेशंटच नको म्हणाला तर ते हात लावणार न्हाईत, हेबी सांगितलंय. मग मी बेड न म्हणू तर काय म्हणू?"

"हे तरी खरं कशावरनं?"

"आई हाय माझी."

तोंडावरची रेघ हलली न्हाय त्याच्या. रक्षिता म्हणत्या, बेडचं खोटं बोलला तेव्हाबी हलली न्हवती.

तेवढ्यात डॉक्टर आले, मागनं सिस्टर. डॉक्टर वाकून म्हणले, "काय आजी, उद्याची तयारी झाली का?"

"ब्याड," म्हातारी म्हणली.

सिस्टरचा हात सवयीनं दांड्याकडं गेला. ह्या वेळंला श्रीशैल मधी बोलला न्हाय. पिशवी पोटाशी धरून नुसता रक्षिताकडं बघत ऱ्हायला. म्हातारीबी तिच्याकडंच बघालती, आणि हात काय सोडंना.

डॉक्टरांचं लक्ष त्या हाताकडं गेलं.

"तू नवीन का गं? आजींनी तुलाच धरून ठेवलंय. काय म्हणतायत त्या?"

रक्षिताचं ऱ्हाऊ दे. तू असतीस तिथं, तर काय सांगितलं असतंस?