मालकीणबाईंची आत्या

“मग, तुमच्या आत्या काय म्हणतात?” साहेबांनी विचारलं, तसा खोलीत हशा पिकला.

मालकीणबाई हसल्या नाहीत. “आत्या म्हणते, एक पडदा, एक बटण. बाकीचा पसारा मला दाखवू नका.”

मालकीणबाई हे टीमने ठेवलेलं नाव. हुद्दा प्रॉडक्ट ओनर. गोळ्यांची आठवण करून देणाऱ्या ॲपमध्ये काय घ्यायचं, काय गाळायचं आणि आधी काय करायचं, हे ठरवणं त्यांचं काम. मालकी अशी, की नफा कंपनीचा आणि बोलणी यांची. दर पंधरवड्याला टीम झालेलं काम मांडायची आणि जाहिरात विभागाचे प्रमुख त्यात आणखी काहीतरी घुसवू बघायचे. कधी नाणी, कधी कूपनं, कधी नाचणारं अस्वल.

सुरुवातीला मालकीणबाई ‘वापरणाऱ्याची सोय’ म्हणायच्या. कोणी ढुंकून बघत नव्हतं. एकदा वैतागून त्या बोलून गेल्या, “माझी आत्या एकटी राहते. हात थरथरतो, चष्मा कायम दुसऱ्या खोलीत. तिला जमणार आहे का हे?” वापरणाऱ्याला नाही म्हणता येतं, पण कोणाच्या आत्याला नाही कसं म्हणणार? तेव्हापासून आत्या प्रत्येक बैठकीला हजर. अक्षरं तिच्यासाठी मोठी झाली, रंग तिच्यासाठी कमी झाले. प्रोग्रामर आपसांतसुद्धा विचारू लागले, “आत्याला कळेल ना रे?”

पंचाईत एवढीच होती, की मालकीणबाईंच्या वडिलांना बहीण नव्हती.

साहेबांना वास लागला असावा. वकिलासारखी उलटतपासणी घ्यायचे. “हात सकाळी जास्त थरथरतो की संध्याकाळी?”

“सकाळी.”

“संध्याकाळी असेल. विचारून बघा.”

दुसऱ्या दिवशी मालकीणबाईंनी निमूट सांगितलं, “संध्याकाळीच, साहेब.” साहेबांनी मान डोलावली. हा माणूस एक दिवस आपल्याला तोंडघशी पाडणार, याची बाईंना खात्री पटली.

आजच्या बैठकीत तो दिवसही ठरला. पैसे गुंतवणारे पाहुणे बाहेरगावहून येणार होते आणि त्यांच्यापुढे दोन नमुने मांडायचे होते, एक मालकीणबाईंचा आणि एक जाहिरातप्रमुखांचा. “वाद कशाला?” साहेब म्हणाले. “गुरुवारी आत्यांनाच बोलवा. पाहुण्यांसमोर त्या निवडतील ते बाजारात जाईल. आणाल ना?”

“आणते,” मालकीणबाईंच्या तोंडून निघून गेलं.

बाहेर चहाच्या मशिनपाशी त्यांनी ॲपमधल्या चुका शोधणाऱ्या टेस्टरला गाठलं. टीममध्ये त्यांचा जीव त्या एकीवरच होता. “आत्या नाहीये,” त्या म्हणाल्या.

“अरे देवा. कधी गेल्या?”

“जन्मलीच नाही.”

टेस्टरने कप खाली ठेवला. “मग कोणालातरी आणू या. ओळखीत म्हाताऱ्या काय कमी आहेत?”

“नको. एक खोटं झेपलं नाही, दुसरं कुठे निस्तरू? गुरुवारी उभी राहते आणि खरं सांगून टाकते. नोकरी गेली तर गेली. वाईट याचंच वाटतं, की माझ्यासोबत ते एक बटणही जाणार.”

गुरुवारी खोली गच्च भरली होती. पाहुणे पुढे बसले होते, जाहिरातप्रमुख नवा कोट घालून आले होते. साहेब सारखे दाराकडे बघत होते. “कुठे आहेत आत्या?” त्यांनी विचारलं.

मालकीणबाई उठल्या. “आत्या येऊ शकत नाही. कारण खरं सांगायचं तर…”

दार उघडलं. “उशीर झाला गं,” एक म्हातारी आत येत म्हणाली. “चष्मा सापडेना. शेवटी तशीच आले.” तिने मालकीणबाईंच्या गालावरून हात फिरवला आणि सरळ पुढची खुर्ची पकडली. मालकीणबाईंनी टेस्टरकडे बघितलं. टेस्टर डोळे विस्फारून म्हातारीकडे बघत होती.

जाहिरातप्रमुखांनी आपला फोन पुढे केला. अस्वल नाचलं, नाण्यांचा पाऊस पडला. “ही नाणी वाण्याकडे चालतात का?” म्हातारीने विचारलं. पाहुणे हसले. तिने इकडे दाबलं, तिकडे दाबलं, तीन कूपनं उघडली आणि फोन परत दिला. “गोळी कुठली घ्यायची ते राहूनच गेलं बघा.”

मग मालकीणबाईंचा नमुना आला. गोळीचं चित्र आणि खाली तळहाताएवढं बटण. म्हातारीचं बोट थरथरत गेलं आणि बरोबर त्यावर टेकलं. ‘घेतली’, फोन बोलला. तिने पुन्हा दाबलं, तर ‘आधीच घेतली’ म्हणाला.

“आणि विसरून मी परत दाबलं, तरी दुसरी नोंद होत नाही. कोणाच्या डोक्यातून आलं हे?” ती म्हणाली. “माझ्यासारखीला बरोबर ओळखलंय हो त्याने. मला हेच पाहिजे.”

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मागे प्रोग्रामर बाकं बडवायला लागले. पाहुण्यांतल्या ज्येष्ठ बाईंनी जाहीर केलं, की ॲप असंच जाईल आणि यापुढे आत काय घ्यायचं ते फक्त प्रॉडक्ट ओनर ठरवतील. जाहिरातप्रमुखांनीही नाइलाजाने हात मिळवला. मालकीणबाईंना आनंदाने रडू आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही. आज पहिल्यांदा त्या खरोखर मालकीण झाल्या होत्या.

गर्दी ओसरल्यावर त्यांनी टेस्टरला मिठी मारली. “नको म्हटलं तरी आणलीसच. कुठून आणलीस गं इतकी अस्सल?”

“मी? मला वाटलं तुम्हीच आणलीत.”

मालकीणबाई जिन्याने धावत खाली गेल्या. निदान आभार तरी मानायला हवे होते. म्हातारी वाहनतळाच्या टोकाला एका गाडीत बसत होती आणि साहेब वाकून तिचा पट्टा लावत होते.

“त्या बोलायला उभ्या राहण्याआधी आत जायचं ठरलं होतं ना आपलं?” साहेब म्हणत होते. “थोडक्यात निभावलं, आई.”