पुफ्काच्या निधनाचा कागद

वरच्या मजल्यावरच्या दोन्काबाईंची मांजर पुफ्का आठवडाभर जिन्यात उपाशी पडून होती, म्हणून मी तिला गुपचूप घरी आणली. दोन दिवसांत सॉसेज खाऊन बाईसाहेब गुटगुटीत झाल्या.

आमच्या प्लेवेन शहरात माणूस गेला की इमारतीच्या दारावर त्याच्या निधनाचा फोटोसकट कागद चिकटवतात. तिसऱ्या दिवशी तिथे पुफ्काचा कागद लागला. फोटोत ती माझ्या घरातल्या हिरव्या गोधडीवर बसली होती.

"मावशी, मांजरीचा कसला कागद?"

"दिसत नाही म्हणजे मेलीच की!" दोन्काबाई म्हणाल्या. "दात काढू नकोस, मेल्या."

खरं सांगितलं तर पुफ्का पुन्हा त्याच जिन्यात उपाशी. मी घरी जाऊन तिला आणखी एक सॉसेज घातलं.

दुसऱ्या दिवशी नवा कागद. फोटोत गोधडीशेजारी माझे गुडघे आले होते. त्याच्या दुसऱ्या दिवशी हनुवटी. घरात फोटो काढणारं कोणीच नव्हतं. मी रोज कागद फाडत होतो.

आज फोटोत माझा अख्खा चेहरा होता. पुफ्का नव्हती.

"मावशी, हे काय लावलंय?" मी ओरडलो.

दोन्काबाईंनी कागदाचा कोपरा नीट दाबला. माझ्यामागून पुफ्का बाहेर आली, तशी त्यांनी तिला उचलून छातीशी धरलं.

"अगं बाई," त्या हळहळल्या, "आता तुला कोण जेवायला घालणार?"