मागचं वल्हं

बायको गेल्यावर मास्तरांनी पहिल्यांदाच एकट्यानं होडी पाण्यात लोटली, आणि ती घाण्याच्या बैलासारखी गोल गोल फिरू लागली. नदी तर इतकी संथ, की पाण्यावर पडलेलं पानसुद्धा जागचं हलत नव्हतं. मास्तर कसेबसे काठाला लागले.

"होडीत खोट आहे! इतकी वर्षं नाकासमोर चालायची."

काठावर वल्हवायला शिकवणाऱ्या एका मुलीनं होडी पालथी करून तळ पाहिला. "होडी ठणठणीत आहे, काका. तुम्ही बसायचात कुठे?"

"पुढे. होडी मीच चालवायचो. ही आपली मागे, सोबतीला."

मुलीनं होडी पुन्हा पाण्यात लोटली. त्यांना मागच्या फळीवर बसवून ती स्वतः पुढे बसली. "आता वल्हं मारून झालं की लगेच उचलू नका. पातं जरा बाहेर वळवा आणि क्षणभर पाण्यातच धरून ठेवा. होडी सरळ राहते."

मास्तरांनी तसं केलं. होडी मुकाट सरळ निघाली. पात्यामागे पाणी हलकंच 'बुडुक' वाजलं, आणि मास्तरांचा हात थबकला.

तो आवाज त्यांनी जन्मभर पाठीमागून ऐकला होता. दर वेळी, मान न वळवता, ते खेकसायचे, "अगं, वल्हं उचल की! नुसतं पाण्यात काय ओढत बसतेस?"

"बरं," म्हणायची ती. आणि होडी नाकासमोर चालत राहायची.