रविवारची खोली

कोणत्या जागेत कधीपासून कधीपर्यंत कोण राहिलं, हे साठवणारं सॉफ्टवेअर सुचित्राने बनवलं आणि चाचणीला पहिली खोली घातली ती बाबांच्या गावकीची, म्हणजे गावच्या माणसांनी मिळून घेतलेली, लालबागच्या चाळीतली. पथारीला जागा आठ, गिरणी कामगार चोवीस. स्क्रीन लालेलाल! एका जागी एका वेळी एकच माणूस, हा तिचाच नियम.

"अगो, पाळ्या घाल की," तिचे बाबा, गुणाजी, हसले. "एक उठून कामावर गेला की त्याच पथारीवर दुसरा आडवा."

तिने तीन पाळ्या घातल्या. सगळं हिरवं झालं, फक्त रविवार हटून बसले.

"बाबा, रविवारी गिरणी बंद. मग चोवीस जण मावायचे कुठे?"

"रविवारी खोलीत दोघंच. ज्याची बायको गावाहून आली असेल, तो आणि ती. बाकीचे तेवीस दिवसभर राणीच्या बागेत."

"मग तारखा सांगा. कुठल्या रविवारी कोण?"

गुणाजी एकदम खिडकीबाहेर बघायला लागले.


स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, "एक तारीख तुझी तुलाच काढता येईल गो. वाढदिवसातून नऊ महिने वजा कर."